ठरलेली बरोबरी

पौष लागला की आमच्याकडचे बँडवाले दुपारी झोपा काढतात, आचारी आपापल्या गावी जातात आणि मंगल कार्यालयांच्या फाटकाला कुलूप लागतं. लग्नाला हा महिना चालत नाही. बुद्धिबळाला चालतो. जिल्ह्याची निवड स्पर्धा दरवर्षी पौषातच होते आणि त्यामागे कुठलंही शास्त्र नाही. हॉल रिकामा असतो, मालक थोडक्यात देतो, एवढंच. ज्या महिन्यात कुणी कुणाशी सोयरीक जोडत नाही, त्या महिन्यात वर्धा जिल्ह्यातली भली भली माणसं लग्नाच्या हॉलमध्ये समोरासमोर बसतात आणि एकमेकांच्या राजाच्या मागे लागतात.

परवा यंदाच्या स्पर्धेचं पत्रक मोबाइलवर आलं. कोपऱ्यात घोड्याचं चित्र, खाली तारीख आणि जेवणाची सोय आपापली. मी ते दोनदा वाचलं आणि मोबाइल पालथा घातला. बायको म्हणाली, "काय झालं? कोणी गेलं काय?"

"नाई," मी म्हणालो. "पौष लागला."

पुलगावातला पौष म्हणजे सकाळी नदीवरून येणारं धुकं आणि त्यातून लष्करी डेपोच्या रस्त्याला लागलेल्या सायकली. माणसं दिसत नाहीत, नुसत्या घंट्या ऐकू येतात. कापसाच्या गाड्या जिनिंगकडे जातात तेव्हा रस्त्याकडेच्या बाभळी गाडीतून थोडा थोडा कापूस काढून घेतात आणि संध्याकाळपर्यंत म्हातारीच्या केसांसारखं काहीबाही काट्यांना लटकत असतं. बाजारात तुरीच्या ओल्या शेंगा आलेल्या असतात. मिठाच्या पाण्यात उकडायच्या, टोपलीभर मधे ठेवायच्या आणि दातांनी दाणे ओढत बसायचं. वांगी काळी कुळकुळीत, भरिताची. घराघरांतून वांगं भाजल्याचा वास येतो आणि माझ्या पोटात खड्डा पडतो. पूर्वी भुकेचा पडायचा. गेल्या पौषापासून त्या वासाने मला मंगल कार्यालयातली एक खोली आठवते आणि भूक मरते.

तर मनोहर. मनोहरचं बाजारात लोखंडी सामानाचं दुकान आहे. खिळे, बिजागऱ्या, कड्या, रंगाचे डबे. मी शाळेत भूगोल शिकवतो. तो मला मास्तर म्हणतो, मी त्याला शेठ म्हणतो, आणि दोघंही हे शब्द एकमेकांना टोचतील अशा बेतानेच उच्चारतो. तरुणपणापासून शाळा सुटली की मी त्याच्या दुकानात जात आलो. रंगाच्या मोठ्या डब्यावर पट मांडलेला असायचा. गिऱ्हाईक आलं की शेठ उठायचा, कडी-कोयंडा काढून द्यायचा, परत येऊन बसायचा आणि तेवढ्या वेळात मी त्याचं एखादं प्यादं सरकवून ठेवलेलं असायचं. तो काही न बोलता ते जागेवर ठेवायचा. मनोहर असा आहे. बोलत नाही, पण त्याला दिसतं. ही गोष्ट मी तेव्हाच नीट लक्षात घ्यायला हवी होती.

माझा आवडता डाव अजगर. पुस्तकात त्याला ड्रॅगन म्हणतात, पण ड्रॅगन आमच्याकडे कुणी पाहिलेला नाही आणि अजगर नदीकाठी निघतो, म्हणून आम्ही अजगर म्हणायला लागलो. काळ्या मोहऱ्यांनी खेळायचा हा बचाव. नावाला बचाव. म्हणजे कुणी काठी घेऊन तुमच्या घरावर चालून आलं, तर आपण दार लावून घेतो. अजगर खेळणारा दार उघडं टाकतो आणि मागच्या बाजूने त्याचं घर पेटवायला निघतो. आपल्या राजाशेजारी एक उंट दडवून ठेवायचा. त्या उंटाची नजर तिरपी, पटाच्या या टोकापासून पार त्या टोकापर्यंत, समोरच्याच्या राजाच्या उंबऱ्यावर. मग दोघंही एकमेकांवर धावतात आणि जो आधी पोचतो तो जिंकतो. मी सहसा नंतर पोचतो.

पण त्यात एक नशा आहे. आयुष्यात मी कधी रांग मोडली नाही, मुख्याध्यापकांना उलट बोललो नाही, भाजीवालीशी घासाघीस करायलाही बायकोला पुढे करतो. पटावर मात्र मी अजगर. एकदा हिंगणघाटच्या एका वकिलासमोर मी असा काही हल्ला केला, की "मात" म्हणून हस्तांदोलनाला हात पुढे केला. त्याने माझा हात एका हातात धरला आणि दुसऱ्या हाताने माझा वजीर उचलला. वकील सभ्य होता. डाव संपेपर्यंत हसला नाही. नंतर चहाच्या गाड्यावर त्याने ही गोष्ट सगळ्यांना सांगितली आणि तेव्हा मात्र पोट धरून हसला. मीही हसलो. माझ्या फजितीच्या गोष्टी दुसऱ्याने सांगितलेल्या मला सहन होत नाहीत. त्या मला जास्त चांगल्या सांगता येतात.

वर्ध्याचा संघ चौघांचा असतो. तो राज्य स्पर्धेला जातो. पाठीवर जिल्ह्याचं नाव असलेला टी-शर्ट मिळतो, रेल्वेचं आरक्षण मिळतं आणि परतल्यावर स्थानिक पेपरात फोटो येतो, ज्यात कोण कोण आहे ते ओळखू येत नाही. इतकी वर्षं मी या संघाच्या दारात उभा होतो. कधी पाचवा, कधी सहावा. एका वर्षी तर जो चौथा आला त्याला मीच हरवलं होतं आणि बाकी सगळ्यांकडून मी हरलो होतो. गेल्या वर्षी राज्य स्पर्धा साताऱ्याला होती. आता ऐका. मी फळ्यावर सह्याद्री काढतो तेव्हा खडू न उचलता काढतो, घाट न चुकता भरतो, कुठल्या डोंगरात कुठली नदी उगम पावते ते झोपेत सांगतो. पण सह्याद्री मी पाहिलेला नाही. जमलंच नाही. पुण्यापर्यंत गेलो ते लग्नाला आणि तिथून रात्रीच्या गाडीने परत. त्यामुळे सातारा म्हटल्यावर माझ्या अंगात काय संचारलं असेल ते कळावं. नवव्या वर्गाला मी स्पर्धेआधीच सांगून टाकलं होतं, की पुढच्या महिन्यात सर स्वतः डोंगर बघून येणार आहेत आणि मग तुमच्या वह्या तपासणार आहेत.

बायकोने ट्रंकेतून स्वेटर काढून उन्हात टाकला. "तिकडे थंडी जास्त असते म्हणतात," ती म्हणाली. मी स्पर्धेचा एकही डाव खेळलेला नव्हता.

वर्ध्याच्या त्या मंगल कार्यालयात शिरलं की पहिला वास येतो तो जुन्या मसालेभाताचा. तो भिंतीत मुरलेला आहे. पंगतीची लांब टेबलं ओळीने लावलेली, त्यांवर पांढरा कागद, कागदावर पट. वधूवरांच्या मखमली खुर्च्यांपैकी एकीत पंच काळबांडे सर बसतात. दुसरी रिकामी असते. तिच्याकडे बघून दरवर्षी कुणीतरी तोच विनोद करतो आणि काळबांडे सर दरवर्षी तेवढंच हसतात. मागे थर्माकोलची अक्षरं, त्यातली काही पडलेली. डाव्या बाजूला वरपक्षाची खोली, उजव्या बाजूला वधूपक्षाची. खेळाडू तिथे पिशव्या ठेवतात आणि तिथेच डबा खातात.

गेल्या पौषात मी चांगला खेळलो. हे वाक्य मी पुन्हा लिहिणार नाही, म्हणून एकदा लिहू द्या. चांगला खेळलो. दुसऱ्या दिवशी दुपारी शेवटच्या फेरीच्या जोड्या भिंतीवर लागल्या तेव्हा माझं नाव वर होतं आणि माझ्यासमोर नाव होतं मनोहरचं. गुण दोघांचे सारखे. हिशोब सरळ होता. बरोबरी झाली तर दोघंही संघात. कुणी एक जिंकला तर तो संघात आणि हरलेला घरी.

भिंतीसमोर उभं राहून आम्ही एकमेकांकडे पाहिलं. बोलायची गरज नव्हती. असे प्रसंग स्पर्धेत येतात आणि शेवटच्या फेरीत दोन मित्र काय करतात हे पंचांसकट सगळ्यांना माहीत असतं. अडचण एकच होती. त्या वर्षी काळबांडे सरांनी नियम केला होता, की तीस चाली होईपर्यंत बरोबरीसाठी हात मिळवायचा नाही. आदल्या वर्षी लोक पाच-सात चालींत हात मिळवून तर्री-पोहे खायला पळाले होते, त्याचा हा राग. फक्त एक पळवाट होती. एकाने शह द्यायचा, दुसऱ्याने राजा हलवायचा, पुन्हा शह, पुन्हा तेच घर, अशी तीच ती स्थिती फिरून फिरून आली तर डाव आपोआप बरोबरीत सुटतो.

वधूपक्षाच्या खोलीत गादीवर आम्ही बसलो. आरशाला कुण्या नवरीची टिकली चिकटलेली होती. मनोहर म्हणाला, "साधं खेळू न. मोहरे मारामारी करू, प्यादी राहू देऊ, तीस चाली काढू न उठू."

इथे मी शहाण्यासारखं "हाव" म्हणायला हवं होतं. पण मला ते बेचव वाटलं. इतक्या वर्षांनी संघात जायचं आणि ते असं, कारकुनाने कागद पुढे सरकवावा तसं? म्हणालो, "शेठ, लोकं काय म्हणतीन? दोघांनी सेटिंग केली म्हणतीन."

"केलीच तर आहे."

"दिसली नाई पायजे. असं करू, मस्त डाव खेळू. रक्त सांडलं पायजे. लोकं गोळा झाले पायजे. न मग बरोबरी."

"आता हे कुठून आणतो?"

"मी आणतो," मी म्हणालो आणि पिशवीतून माझा छोटा पट काढला.

तो अर्धा तास माझ्या आयुष्यातला फार सुखाचा होता हे कबूल केलं पाहिजे. मी अजगर मांडला. त्याची पांढरी, माझी काळी. दोन्ही राजे विरुद्ध बाजूंना. त्याची प्यादी माझ्या अंगणात, माझा उंट कोपऱ्यातून टपलेला. मग मी माझा हत्ती उचलला आणि त्याच्या राजासमोरच्या घोड्यावर आपटला. हत्ती देऊन टाकला. त्याच्या राजापुढची भिंत पडली. माझा वजीर आत घुसला. शह. राजा कोपऱ्याकडे. पुन्हा शह. राजा परत. पुन्हा शह. "न इथं बरोबरी," मी म्हणालो आणि मागे रेलून बसलो. सिनेमातल्या भांडणासारखं होतं सगळं. ठोसे दिसायचे, पण लागायचे नाहीत. मांडताना मला वाटलं, खऱ्या डावात मला असं कधी का सुचत नाही?

मनोहर पटाकडे बघत होता. त्याच्या हातात तुरीची शेंग होती, ती त्याने सोललीच नाही.

"कसं आहे?" मी विचारलं.

"छान आहे."

"तुले काही कराचं नाई. फक्त राजा हलवाचा. कोपऱ्यात, मंग परत, मंग कोपऱ्यात. एवढंच. चुकू नको म्हंजे झालं."

"हाव," तो म्हणाला. मग शेंग बाजूला ठेवून त्याने डबा उघडला. भरीत होतं. वहिनींच्या हातचं, वर कच्चा कांदा आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. ज्वारीची भाकरी. त्याने अर्धी भाकरी मोडून माझ्या हातावर ठेवली आणि तिच्यावर भरीत वाढलं. "खा मास्तर," म्हणाला. मी खाल्लं. पुन्हा मागून खाल्लं. खाता खाता त्याला साताऱ्याच्या आसपास कुठले घाट लागतात ते सांगत होतो.

डाव सुरू झाला. मी नाटकात कधी काम केलेलं नाही, पण त्या दुपारी माझ्यातला नट जागा झाला. ठरलेल्या चालींवर कपाळाला हात लावत होतो. उगाच विचार करत होतो. हत्ती टाकायच्या आधी तर मी डोळे मिटले. हत्ती पडला तसा शेजारच्या टेबलावरचा एक जण वळून पाहायला लागला, मग दुसरा. ज्यांचे डाव संपले होते ते आमच्याभोवती उभे राहिले. मागे कुणीतरी हळूच म्हणालं, "शेठ गेला आज." मला ते फार गोड वाटलं. वजीर आत नेला. शह.

मनोहरने राजा उचलला आणि कोपऱ्याकडे नेला नाही.

तो उलट दिशेने नेला. पटाच्या मधोमध, उघड्यावर, जिथे राजाने जायचं नसतं असं शाळेतल्या पोरांनाही शिकवतात तिकडे. त्याने विचार केला नाही. उचलला, ठेवला, घड्याळाचं बटण दाबलं.

मला वाटलं हा विसरला. घर चुकलं. मी खाकरलो. काळबांडे सरांनी मखमली खुर्चीतून मान वर केली. खेळताना बोलायला बंदी, नाहीतर मी म्हणणारच होतो, अबे, कोपऱ्यात. मी मनोहरच्या डोळ्यांकडे पाहिलं. तो पटाकडे बघत होता. मग मी स्वतःची समजूत घातली, की त्याने रंगत वाढवायला हा एक फेरा जास्तीचा घेतला असेल, आता परत येईल. म्हणून आणखी एक शह दिला. राजा आणखी एक घर पुढे गेला. आता माझा उंट त्याला अडवेल म्हणून मी उंटाकडे पाहिलं. उंट जागेवरच होता. त्याच्या तोंडासमोर माझाच घोडा उभा होता. मीच मांडलेला, वधूपक्षाच्या खोलीत, गादीवर, रेलून बसायच्या आधी.

शह संपले. हत्ती आधीच गेला होता. मग उरलं ते नुसतं मरण, तेही लांबलेलं, कारण एवढ्या माणसांसमोर लगेच हात पुढे करायला लाज वाटत होती. शेवटी केला. मनोहरने तो धरला. त्याचा हात गार होता.

लोक त्याच्या पाठीवर थाप मारत होते. "काय राजा चालवला शेठ." काळबांडे सरही उठून आले. मला म्हणाले, "धाडसी खेळलात, थोडक्यात फसलं." मी मान हलवली. तक्रार कुणाकडे आणि काय करणार होतो? साहेब, यानं माझ्याशी खोटं खेळायचं कबूल केलं होतं आणि हा खरं खेळला? जगात असंख्य प्रकारचे दगे असतील, पण ज्याची फिर्याद लिहून द्यायला बसलं तर आधी आपल्यालाच आत टाकतील, असा दगा माझ्याच वाट्याला आला.

पुलगावला परतताना रेल्वेत आम्ही शेजारी बसलो, कारण जागा तेवढीच होती. बाहेर अंधारायला लागलेलं, शेतांत कुठे कुठे शेकोट्या. कुणीतरी तुरीच्या काड्या जाळत होतं, त्याचा धूर डब्यात येत होता. मनोहरने खिडकी लावली. मला थंडी वाजत होती हे त्याला दिसलं असणार. घरी बायकोने विचारलं तेव्हा म्हणालो, "मनोहरनं हरवलं."

"मंग बरंच झालं न," ती म्हणाली, "बाहेरच्यानं तर नाई हरवलं." आणि स्वेटर ट्रंकेत ठेवायला गेली.

बाहेरच्याने हरवलं असतं तर मी ती गोष्ट अजूनपर्यंत रंगवून रंगवून सांगितली असती. वकिलाच्या गोष्टीला जोड झाली असती. ही मला सांगता येईना. सांगायला लागलो की मधेच थांबायचो आणि ऐकणाऱ्याला वाटायचं, आता विनोद येतो आहे.

आठवडाभराने काळबांडे सरांचा फोन आला. मनोहर साताऱ्याला जात नाही, दुकानाचं कारण सांगतो, राखीव म्हणून तुमचं नाव लागतं, चला. आता माझ्या सगळ्या फजित्यांमधली ही सर्वात मोठी, कारण ही मी थंड डोक्याने केली. म्हणालो, "सर, मी कोणाची सोडलेली जागा घेत नाई." फोन ठेवल्यावर काही वेळ मला स्वतःचा अभिमान वाटला. मग भिंतीवरच्या नकाशाकडे लक्ष गेलं. साताऱ्याला आर्वीचा कुणी गेला. पुलगावचं कुणीच गेलं नाही. नवव्या वर्गाने विचारलं, सर, डोंगर? मी म्हणालो, पुस्तक काढा.

त्यानंतर दुकानात गेलो नाही. संध्याकाळी शाळा सुटली की सायकल दुसऱ्या गल्लीतून घालायची. उन्हाळ्यात घराच्या दाराची कडी निघाली, ती मी दुसऱ्या दुकानातून आणली. महिन्याभरात ती पुन्हा हातात आली. बायको म्हणाली, "मनोहरभाऊजीकडची असती तर राह्यली असती." मी दाराला दगड लावून ठेवला.

रागापेक्षाही मला छळत होता तो एक प्रश्न. ती चाल त्याला कधी दिसली?

बुद्धिबळ न खेळणाऱ्याला हा प्रश्न पोरकट वाटेल. पण माझं सगळं त्यावर अडलं होतं. पटावर बसल्यावर, मी शह दिल्यावर, घड्याळ टिकटिकत असताना त्याला ते उघडं घर दिसलं असेल, तर मी त्याला माफ करायला तयार होतो. चाल दिसली की हात थांबत नाही. मोह हातालाच होतो, डोक्याला मग कळतं. त्याच्या जागी मीही तेच केलं असतं आणि वर टाळ्यांसाठी इकडेतिकडे पाहिलं असतं. पण ती त्याला खोलीत दिसली असेल तर? मी रेलून बसलो होतो, त्याच्या हातात ती न सोललेली शेंग होती, तेव्हा? मग त्याने "हाव" म्हटलं ते काय होतं? मग अर्धी भाकरी मोडून दिली ती काय होती? त्याने विचार न करता राजा उचलला होता हे मला आठवायचं. मग मीच म्हणायचो, शेठ खेळतोच भरभर. दुकानदार माणूस, गिऱ्हाईक ताटकळत ठेवत नाही. वर्षभर मी त्याचा वकील होतो आणि मीच फिर्यादी.

काल शाळा सुटल्यावर सायकल जुन्या रस्त्याने निघाली. मी नेली असं म्हणवत नाही.

दुकानात रंगाच्या डब्यावर पट नव्हता, डब्यावर डबे होते. मनोहर एका सुताराला बिजागऱ्या दाखवत होता. माझ्याकडे पाहून त्याने पायाने स्टूल पुढे सरकवलं.

"ये मास्तर. फॉर्म भरला काय?"

"नाई. तू?"

"नाई."

मी बसलो. सुतार बिजागरी उघडझाप करून पाहत होता. मीच म्हणालो, "सातारा तुले नवता पायजे, तर जिंकला काऊन?"

मनोहरने दुसरी बिजागरी काढून सुताराच्या हातात दिली. "तू पायलं नाई काय तवा? अजगर तुहा, हत्ती तुहा, शह तुहा. माह्याकडे काय, तर राजा घेऊन पळाचं. लोकं हसून राह्यले होते मांगं. मी साधं खेळू म्हटलं होतं."

"म्हणून असं करतं काय कोणी?"

"नाई करत," तो म्हणाला. "म्हणून तर जागा सोडली. म्हटलं, मास्तरले सातारा पायजे, जाऊ दे. तू तेही नाई घेतलं."

"मले जागा नवती पायजे."

"मंग काय पायजे होतं?"

याचं उत्तर माझ्याकडे होतं आणि तेच मागायला मी आलो होतो. मी ते त्याच्यासमोर जमेल तितकं सोपं करून ठेवलं. आवाज हलका ठेवला, अगदी सहज बोलल्यासारखा. "एक सांग. ते घर तुले पटावरच दिसलं न? खेळता खेळता? मी शह दिला तवा?"

फक्त "हाव" म्हणायचं होतं. तेही नको, मान हलवली असती तरी पुरे होतं. मी मानलं असतं. पुरावा मागितला नसता, शेंगेची आठवण काढली नसती, घरी जाऊन दोघांचे फॉर्म मीच भरले असते. वर्षभर रचलेली माफी मी खिशात घेऊन आलो होतो आणि ती देऊन टाकायची मला घाई झाली होती.

मनोहरने बिजागऱ्या कागदात गुंडाळल्या, सुतळी बांधली, सुताराला दिल्या. सुतार गेला. मग त्याने माझ्याकडे पाहिलं.

"नाई," तो म्हणाला. "जेवाच्या आंधीच दिसलं होतं. तू मांडून राह्यला होता तवा."

रस्त्यावरून कापसाची गाडी गेली. ती जाईपर्यंत दोघंही तिच्याकडे बघत राहिलो, जणू तिच्यात काही पाहण्यासारखं होतं. म्हणजे माझ्यातला त्याचा वकील हरला. खोलीतलं सगळं जसं मी रात्रंदिवस नाकारत होतो तसंच घडलं होतं, आणि ते सांगणारा माणूस समोर हात झटकत उभा होता. गेल्या पौषात मी बेसावध होतो तेव्हा त्याने मला फसवलं. काल मी चांगला तयारीने, तोंड उघडून, फसायलाच येऊन बसलो होतो, आणि काल मात्र त्याला खोटं बोलवेना. मला जास्त राग याचाच आला.

"चहा सांगू काय?" त्याने विचारलं.

"सांग," मी म्हणालो. आणि चहा येईपर्यंत त्याच्याशी एक शब्द बोललो नाही.